तो हॉल मी रिकामा केला

पहिल्या वर्षाला आम्हाला फिजिऑलॉजी शिकवणाऱ्या सरांवर मी सूड उगवला, आणि तो उगवताना मला आनंद झाला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कुठेतरी मला पश्चात्ताप होईल अशा आशेने कुणी वाचत बसू नये.

आमचं गाव जासईच्या पलीकडे. आजोबांचं आयुष्य मिठागरात गेलं. बाबांनी बरीच वर्षं भात लावला, मग ती जमीन गेली आणि तिथे कंटेनरचं यार्ड उभं राहिलं. बाबांनी ट्रेलर घेतले, घर दुमजली झालं, अंगणात फरशी आली. आमचं बोलणं मात्र तसंच राहिलं. घरात आम्ही हाय आणि नाय म्हणायचो, शाळेत म्हणायचो, आणि आमच्या बाईही तसंच बोलायच्या. बारावीपर्यंत आपण काही वेगळं बोलतो हे मला कुणी जाणवून दिलं नव्हतं. पनवेलच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या खासगी मेडिकल कॉलेजात मला जागा मिळाली तेव्हा बाबांनी सगळ्या गावाला जेवण घातलं.

फिजिऑलॉजीचं लेक्चर सकाळी पहिलंच असायचं. सर उंच, गोरे, शर्टाला कायम कडक इस्त्री. इंग्रजी फार सुंदर बोलायचे आणि आपण सुंदर बोलतो हे त्यांना ठाऊक होतं. कॉलेज सुरू होऊन पंधरवडाही झाला नसेल, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला उभं केलं. बेडकाचं हृदय शरीरातून काढून बाहेर ठेवलं तर ते लगेच बंद पडतं का, असा प्रश्न होता. मला उत्तर माहीत होतं. आदल्या दिवशीच वाचलं होतं. पण एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळलेल्या असताना, इंग्रजी वाक्य जुळवायला गेले ते जुळेना, आणि तोंडातून जे सहज येतं ते आलं.

"नाय सर. ते चालूच ऱ्हातं."

सर क्षणभर थांबले. मग हॉलकडे वळून त्यांनी माझ्या आवाजात, माझ्या हेलात ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. नक्कल उत्तम होती. सगळा हॉल हसला. पुढच्या बाकावरच्या मुली वळून बघत हसल्या. सर म्हणाले, "बसा, नाय मॅडम."

उत्तर बरोबर होतं. इतकी वर्षं झाली तरी हे मला अजून सांगावंसं वाटतं. ते बरोबर आहे असं सर म्हणालेच नाहीत. त्यांनी तोच प्रश्न दुसऱ्या मुलाला विचारला, त्याने तेच उत्तर इंग्रजीत दिलं, आणि सर त्याला "व्हेरी गुड" म्हणाले.

त्यानंतर ते नाव मला चिकटलं. हजेरी बोटाच्या मशीनवर लागायची, त्यामुळे नावं पुकारायची गरज नसे, तरी लेक्चर सुरू करताना सर हॉलभर नजर फिरवून विचारायचे, "नाय मॅडम आल्यात का?" मुलं हसायची आणि मग स्लाइड सुरू व्हायची. लेक्चर म्हणजे तेवढंच. स्लाइडवर जे लिहिलेलं असे ते सर वाचत. आमच्याकडे पाठ, भिंतीकडे तोंड. ज्यांच्या वरच्या वर्गात ओळखी होत्या त्यांना या स्लाइड कधीच्याच मिळालेल्या होत्या, आणि त्यात वर्षानुवर्षं स्वल्पविरामही बदललेला नव्हता.

दिवाळीनंतर मी त्यांच्या लेक्चरला जाणं बंद केलं. हॉस्टेल भरलेलं असल्याने आम्ही चौघी विचुंब्याला एका नव्या इमारतीत फ्लॅट घेऊन राहत होतो. सकाळी बाकीच्या तिघी रिक्षाने निघून गेल्या की मी दार लावून घ्यायची, जाड पुस्तक उघडायची आणि त्या दिवशी सर जे शिकवणार असतील तेच वाचत बसायची. बाहेर कुठेतरी कायम बांधकाम चालू असे, सळ्या आपटल्याचा आवाज येत राही. त्या आवाजात मी फिजिऑलॉजी शिकले. राग आला की मी जास्त वाचायची. एखादा भाग समजला नाही तर मला वाटायचं, बघ, ते म्हणतात तशीच आहेस तू. मग तो समजेपर्यंत मी उठत नसे. संध्याकाळी फ्लॅटमधल्या मुली विचारायच्या, आज सरांनी काय सांगितलं ते कळलं नाही, तुला कळलंय का? मी सांगायची. माझ्या भाषेत सांगायची, हाय-नाय करत, आणि त्यांना कळायचं. मग शेजारच्या इमारतीतल्या मुली येऊ लागल्या. मुलं यायला लागली तेव्हा घरमालक कुरकुरले, म्हणून आम्ही खाली पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसायला लागलो.

या सगळ्यात माझी हजेरी घसरली. पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की घरी मेसेज जायचा, तसा तो गेला. बाबांनी मला फोन केला नाही. ते सरळ कॉलेजात आले.

मला कळलं तेव्हा ते सरांच्या केबिनमध्ये उभे होते. दार उघडंच होतं, म्हणून मी बाहेर थांबले. बाबांनी लग्नकार्याला घालायचा पांढरा शर्ट घातला होता. टेबलासमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या आणि सर त्यांना बसा म्हणाले नव्हते. शेजारच्या टेबलावर दुसरे एक प्राध्यापक चहा घेत होते.

बाबा म्हणाले, "आमी काय शिकलेले नाय, सर. पोरीचं काय चुकलं असंल तर सांगा. आमी समजावू तिला."

सर त्या दुसऱ्या प्राध्यापकांकडे बघून हसले आणि म्हणाले, "म्हणजे हे घरूनच आलंय."

चहा घेणारे प्राध्यापकही हसले. बाबांना वाटलं काहीतरी गमतीचं बोलणं झालं, म्हणून तेही हसले. मग सरांनी त्यांना सांगितलं की जमिनीचे पैसे आले म्हणून प्रत्येक घरात डॉक्टर निघत नसतो, आणि मुलीला झेपत नसेल तर आताच विचार केलेला बरा. बाबा हो सर, हो सर म्हणत राहिले.

गाडीत बसल्यावर बाबांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. मग म्हणाले, "मास्तरवर राग नको करू. तू जाऊन बस त्याच्या वर्गात." मी हो म्हटलं. त्यांच्या बोलण्याला मान देऊन मी दुसऱ्याच दिवशी लेक्चरला गेले, पण ज्या मनाने त्यांनी मला पाठवलं त्या मनाने मी गेले नाही. "घरूनच आलंय" हे ऐकून बाबा हसले होते, तो हसरा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. माझी नक्कल मी गिळली असती. हे मला गिळता येत नव्हतं.

मी शेवटच्या बाकावर बसून हॉलकडे बघत राहिले. पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की तिथे कुणीच ऐकत नाही. कुणी झोपलंय, कुणी मोबाइलवर दुसऱ्याच कुणा शिक्षकाचा व्हिडिओ बघतंय, कुणी दुसऱ्या विषयाची वही पूर्ण करतंय. मग ही सगळी इथे येतात कशाला? हजेरीसाठी, हे उत्तर सगळे देतात, पण ते अर्धंच खरं होतं. प्रॉक्सीचे, म्हणजे न येता हजेरी लावायचे, मार्ग आमच्या बॅचने केव्हाच शोधून काढले होते.

मला त्या माणसाचा हॉल रिकामा झालेला बघायचा होता. त्यासाठी कोण कशासाठी येतं ते कळायला हवं होतं.

हे काम मला एकटीला जमलं नसतं. पनवेलच्या मोहल्ल्यात राहणारी एक मुलगी माझी मैत्रीण झाली होती. ती पार्किंगमधल्या वर्गाला नियमित यायची, आणि तिला माणसांशी बोलायची कला होती. लोक तिला स्वतःहून सगळं सांगत. सरांनी तिलाही सोडलं नव्हतं. तिच्या डोक्यावरच्या ओढणीवरून ते एकदा काहीतरी बोलले होते, आणि ती मला म्हणाली होती, "अगं, मी काही बोलले नाही, पण मी माफ पण नाही केलंय." त्या दिवशीपासून आमचं जमलं.

आम्ही दोघी कँटीनमध्ये, लायब्ररीच्या पायऱ्यांवर, प्रॅक्टिकलच्या मधल्या वेळेत मुलांशी सहज बोलल्यासारखं बोलत राहिलो. तेव्हा जे कळलं ते मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नसतं. एक मुलगा केवळ एसीसाठी यायचा, त्याच्या खोलीवर पत्र्याचं छप्पर होतं. एका मुलीचे वडील रोज बरोबर त्या वेळी व्हिडिओ कॉल करून ती हॉलमध्ये आहे का ते बघायचे. नांदेडकडचा एक हुशार मुलगा होता, त्याच्या खोलीतले सगळे दुपारपर्यंत झोपायचे आणि एकट्याने जागं बसायला त्याला नको वाटायचं, माणसांच्या गर्दीत बसलं की बरं वाटायचं एवढंच. दोन जोडपी होती, त्यांना शेजारी बसायला दुसरी जागा नव्हती. आणि पुढच्या बाकावरच्या ज्या मुली मला हसल्या होत्या, त्या भीतीने यायच्या. परीक्षेत तोंडी सरच घेणार, चेहरा लक्षात राहिला तर बरं, असं त्यांना वाटायचं. त्यांच्यातली एक मला म्हणाली की तुला हसतात तोपर्यंत आपल्याला हसत नाहीत, म्हणून मी सगळ्यात मोठ्याने हसायचे. तिने हे मला निवांतपणे, समोसा खाता खाता सांगितलं. मला तिचा राग आला नाही. माझा सगळा राग एकाच माणसासाठी राखून ठेवलेला होता, तो वाटून टाकायची माझी तयारी नव्हती.

शिकण्यासाठी येतो असं एकानेही सांगितलं नाही.

पण एवढ्याने हॉल रिकामा होत नाही. नुसतं कंटाळवाणं शिकवतात म्हणून मुलं बंड करत नाहीत, ती झोपतात. काहीतरी घडायला हवं होतं, आणि ते सरांनीच घडवलं.

फेब्रुवारीत एका सकाळी त्यांनी जाहीर केलं की पुढच्या सोमवारी बाहेरच्या कॉलेजांतले दोन ज्येष्ठ प्राध्यापक शिकवणं बघायला येणार आहेत. सर खुशीत होते. त्यांचं नाव पुढचे विभागप्रमुख म्हणून घेतलं जात होतं हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी स्वच्छ एप्रन घालून यायचं, पहिल्या तीन रांगांत इंग्रजी नीट येणाऱ्यांनीच बसायचं, आणि प्रश्न कुणाला विचारणार ते आधी सांगण्यात येईल. मग ते थांबले आणि म्हणाले, "आणि नाय मॅडमना एकदम मागे, खांबाआड बसवा. त्यांच्या आजूबाजूला त्यांच्यासारखेच बसू देत."

या वेळी हसणारे थोडे होते. "त्यांच्यासारखेच" म्हटल्यावर हॉलमधल्या निम्म्या मुलांनी आपापल्या मनात हिशोब केला असावा. नांदेडकडच्या मुलाने वही मिटली. तो माझ्या दोन बाक पुढे बसला होता आणि त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये नेहमीपेक्षा दुप्पट मुलं जमली. मी शिकवायला घेतलं नाही. मी म्हटलं, सोमवारी कुणीच जायचं नाही. एका दिवसाच्या गैरहजेरीने कुणाचं वर्ष जात नाही, आणि सगळेच नसतील तर कुणा एकाला धरता येणार नाही. आमचा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, पनवेलमधल्याच एका बिल्डरचा मुलगा होता. तो आधी घाबरला, म्हणाला सगळ्यात आधी मला बोलावतील. मैत्रिणीने त्याला बाजूला नेलं. ती त्याला काय बोलली ते मला आजही माहीत नाही, पण परत आल्यावर त्याने सांगितलं की रविवारी तो अलिबागला जाणार आहे आणि सोमवारी त्याला परतायला उशीर होणार आहे. पुढच्या बाकावरच्या मुलींकडे मैत्रीण स्वतः गेली. व्हिडिओ कॉलवाल्या मुलीला त्या दिवशी ताप येणार असं ठरलं. एसीवाल्या मुलाला आम्ही आमच्या फ्लॅटवर पंख्याखाली झोपायला जागा दिली.

रविवारी मैत्रिणीने मला विचारलं, "आणि तू? तू पण इथेच ना?"

मी म्हटलं, "मी जाणार."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने मान डोलावली.

सोमवारी मी इस्त्रीचा एप्रन घालून गेले आणि पहिल्या रांगेत, बरोबर मध्ये बसले. माझ्यामागे सगळा हॉल रिकामा होता. दोन पाहुणे आले, एक बाई आणि एक वयस्कर गृहस्थ, आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. सर त्यांच्याबरोबर हसत आत आले होते. ते हसणं त्यांच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र रिकाम्या बाकांवरून फिरत होते. त्यांनी घड्याळ बघितलं. दाराशी जाऊन व्हरांड्यात बघून आले. माझ्याकडे बघितलं. मी वही उघडून पेन हातात धरून बसले होते.

त्यांनी स्लाइड सुरू केली. विषय मूत्रपिंडाचा होता, लघवी घट्ट कशी होते तो किचकट भाग. "स्टुडंट्स," अशी सुरुवात करून ते थांबले. रिकाम्या हॉलमध्ये त्यांचा आवाज भिंतीवर आपटून परत येत होता. दोन-तीन स्लाइड त्यांनी वाचल्या, अडखळले, आणि मग त्यांनी प्रोजेक्टर बंद केला. खडू घेतला आणि फळ्यावर चित्र काढायला लागले.

त्यांनी तो भाग फार छान शिकवला. तो मला स्वतः वाचूनही पुरता उमगला नव्हता, आणि त्या तासात तो लख्ख कळला. प्रत्येक पायरीला ते माझ्याकडे बघून विचारत, कळलं का, आणि मी मान हलवली की पुढे जात. एकदा मी मान हलवली नाही तर त्यांनी तेच परत, दुसऱ्या रीतीने सांगितलं. आज मी स्वतः फिजिऑलॉजी शिकवते, आणि तो भाग अजूनही त्यांनी फळ्यावर काढला तसाच काढते.

कुणाला वाटेल की तिथे माझं मन विरघळलं असेल. उलट झालं. मी समोर बसून तो हात फळ्यावर फिरताना बघत होते आणि माझ्या आत आग पेटत चालली होती. या माणसाला शिकवता येतं. येत नसतं तर मी समजू शकले असते. येतं, आणि तरी इतके महिने यांनी आम्हाला भिंतीकडे तोंड करून स्लाइड वाचून दाखवल्या, कारण आम्ही त्या कष्टाच्या लायकीचे वाटलो नाही. मागे दोन माणसं बसली तेव्हा खडू हातात आला.

तास संपल्यावर पाहुण्या बाईंनी मला व्हरांड्यात थांबवलं. सर आत फळा पुसत होते. बाईंनी मला मराठीतच विचारलं, बाकीची मुलं कुठे आहेत?

मी हे उत्तर रविवारभर तयार केलं होतं. मी सांगितलं की सर रोज आज शिकवलं तसं शिकवत नाहीत, स्लाइड वाचतात. सांगितलं की ते मुलांच्या बोलण्याची नक्कल करतात, त्यांना नावं ठेवतात, आज कुणाला खांबाआड बसवायचं हेही त्यांनी ठरवून दिलं होतं. बाबांचं मी सांगितलं नाही. ते या लोकांना द्यायचं नव्हतं.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "असं आहे तर तू का आलीस?"

"सांगायला कुणीतरी पायजे ना, मॅडम."

त्यांना हसू आलं असावं, पण त्या हसल्या नाहीत. माझं नाव त्यांनी विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पुढे जे व्हायचं ते झालं. सीआरला बोलावून झाडलं गेलं, पालकांना मेसेज गेले, बाकी सगळ्यांची एक-एक गैरहजेरी लागली. पण पुढच्या महिन्यात पहिल्या वर्षाची लेक्चर सरांकडून काढून घेतली गेली आणि त्यांना प्रॅक्टिकलची व्यवस्था बघायला दिली. विभागप्रमुख दुसऱ्याच कुणाला केलं. आम्हाला शिकवायला एक तरुण मॅडम आल्या, जीव तोडून शिकवायच्या. पहिले काही आठवडे हॉल भरला, मग परत अर्धा झाला. सकाळच्या झोपेची चव एकदा कळली होती ना.

मी ही हकिगत बाबांना मेमध्ये घरी गेल्यावर सांगितली. मला वाटलं होतं ते रागावतील. ते ओटीवर बसून ऐकत होते. सगळं ऐकल्यावर ते हसायला लागले, आणि इतके हसले की आई आतून बघायला आली. डोळे पुसत म्हणाले, "मला वाटलं तू इसरलीस." म्हणजे हे इतके दिवस तेही विसरले नव्हते. केबिनमध्ये ते काय ऐकून हसले होते ते त्यांना नंतर गाडी चालवताना कळलं होतं, आणि तेव्हापासून ते मनात धरून बसले होते.

इथे हे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण एक गोष्ट माझ्या हिशोबात नव्हती.

सरांची लेक्चर काढून घेतली जाण्याच्या आधीच, त्या सोमवारनंतर काही दिवसांनी, सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, कळलं यांना. मी तयारीने गेले. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. माझ्यासाठी चहा मागवला. आणि म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यांनी मला तोंडघशी पाडलं. तू एकटी आलीस. मी विसरणार नाही."

मी चहा घेतला. खरं सांगितलं तर बाकीच्यांचं वर्ष धोक्यात आलं असतं. त्यानंतर त्यांनी मला कधी नाय मॅडम म्हटलं नाही. प्रॅक्टिकलला माझ्या टेबलाशी थांबून चौकशी करायचे. वार्षिक तोंडी परीक्षेत त्यांनी बाहेरून आलेल्या परीक्षकांना माझी ओळख करून देताना सांगितलं की ही फार प्रामाणिक मुलगी आहे. मला चांगले गुण मिळाले. ते माझ्या अभ्यासाचे की त्या सोमवारचे, हे मला कधीच कळणार नाही. त्याचाही राग मी त्यांच्याच खात्यावर लिहिला. ज्याला जखम करायची होती तो माणूस जखमेवर हात ठेवून माझेच आभार मानत होता. मैत्रीण म्हणायची, जाऊ दे गं, शिक्षा तर झाली. पण शिक्षा कुणी दिली हे ज्याला माहीत नाही त्याला ती नुसती वाईट वेळ वाटते.

मी शिकून बाहेर पडले, त्याच विषयात पुढे शिकले, आता दुसऱ्या एका कॉलेजात शिकवते आणि पनवेलमध्येच राहते. गेल्या हिवाळ्यात मी सकाळी वडाळे तलावाला फेऱ्या मारायला जाऊ लागले, आणि एका सकाळी ते समोरून आले. बरोबर त्यांची पत्नी होती. ते वाकले होते, चालणं मंद झालं होतं, पण शर्टाला इस्त्री होती. त्यांनी मला लगेच ओळखलं. पत्नीला म्हणाले, "अगं, ही ती. मी सांगतो ना नेहमी, सगळा वर्ग उलटला तेव्हा एकटी येऊन बसलेली."

त्या बाईंनी माझे हात हातात घेतले. म्हणाल्या, "किती ऐकलंय तुझ्याबद्दल. ह्यांना त्या दिवसांत फार त्रास झाला. तुझा आधार वाटायचा."

बाईंचं वाईट वाटलं. त्यांचा काही दोष नव्हता. मी माझे हात हळूच सोडवून घेतले आणि सरांकडे वळले.

"सर, वर्गाला त्या दिवशी मीच घरी बसवलं होतं."

त्यांना नीट ऐकू आलं नसावं असं वाटून मी ते पुन्हा सांगितलं. मग सगळं सांगितलं, सावकाश, एकेक करून. पार्किंगमधला वर्ग, सीआर, व्हरांड्यातल्या बाईंना मी काय बोलले ते. माझ्या भाषेत सांगितलं. चालणारे लोक आमच्या बाजूने वळसा घालून पुढे जात होते.

सर म्हणाले, "मग तू आत का येऊन बसलीस?"

"तुमचं तोंड बघायला."

त्यांनी पत्नीकडे बघितलं, मग पाण्याकडे. पाण्याकडे बघतच विचारलं, पण का? मी काय केलं होतं?

तेव्हा मी त्यांना बाबांचं सांगितलं. पांढरा शर्ट, ते केबिन, चहा पिणारे दुसरे सर, आणि त्यांनी स्वतः उच्चारलेलं ते वाक्य. ते कपाळाला आठ्या घालून प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न करत होते, हे दिसत होतं. शेवटी म्हणाले, "मला काही आठवत नाही. असं म्हणालो असेन. तेव्हा बरेच पालक यायचे." नाय मॅडम हेही त्यांना आठवत नव्हतं.

मी म्हटलं, "आता लक्षात ठेवा."

त्यांच्या पत्नीने त्यांचा दंड धरला आणि म्हणाल्या, चला, ऊन चढतंय. ऊन चढलेलं नव्हतं. ते दोघं हळूहळू गेटकडे गेले. मी माझ्या उरलेल्या फेऱ्या पूर्ण केल्या. पाय हलके वाटत होते, हे खोटं कशाला सांगू.

त्यानंतर ते मला सकाळचे दिसले नाहीत. शेजारच्या इमारतीतल्या एक ओळखीच्या बाई म्हणाल्या की ते आता संध्याकाळी येतात, उजेड असेपर्यंत. बाबांना मी हे फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, मास्तरची तब्येत बरी हाय ना? मी म्हटलं, हाय. "बरं," ते म्हणाले, आणि ट्रेलरच्या टायरबद्दल बोलायला लागले.